ॲप तारीख सांगतं, पण माप कोण सांगणार? पाळीचं तंत्रज्ञान कुठवर आलंय

सहा वर्षं माझ्या फोनमध्ये एक पिरियड ट्रॅकर ॲप होतं. पाळी सुरू झाली की ते विचारायचं, ‘आजचा फ्लो कसा आहे?’ खाली थेंबांचे तीन आयकॉन. एक थेंब म्हणजे कमी, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जास्त. मी सहा वर्षं न चुकता दोन थेंबांवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी सहा-सात पॅड लागायचे, रात्री तीनचा अलार्म लावून उठायचे, प्रवासात काळ्याच पँट घालायचे. पण मध्यम. कारण आईचं असंच होतं, मावशीचंही असंच. ‘आपल्या घरात सगळ्यांनाच जरा जास्त जातं,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. मग जास्त म्हणजे नेमकं किती, हे कशावरून ठरवणार?

मागच्या वर्षी एका मैत्रिणीच्या नादाने मेन्स्ट्रुअल कप घेतला. त्याच्या आतल्या बाजूला बारीक रेघा होत्या, ५ मिली, १० मिली, अशा २५ पर्यंत. दुसऱ्या दिवशी चार तासांत कप वरच्या रेघेपर्यंत भरला. वाटलं, काहीतरी चुकतंय. मग फोनच्या नोट्समध्ये प्रत्येक वेळी आकडा लिहिला. पाच दिवसांची बेरीज झाली २३० मिली. ती नोट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं ८.२. जिना चढताना लागणारी धाप, सतत येणारी झोप, गळणारे केस, सगळ्याचा हिशोब एका कागदावर आला.

हा लेख त्यामुळेच लिहितेय. पाळीच्या तंत्रज्ञानाबद्दल वाचायला गेलं की ॲप, स्मार्ट वॉच, एआय असलंच भरपूर सापडतं. ते सगळं सांगतेच. पण कोणती गोष्ट अंदाज लावते आणि कोणती खरंच मोजते, हा फरक डोक्यात ठेवून वाचा.

ॲपला तारीख कळते कशी?

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असायचं. त्यावर दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख, आणि कुठेतरी कोपऱ्यात आईने पेनाने काढलेला एक छोटा ठिपका. तो ठिपका म्हणजे आईचा पिरियड ट्रॅकर. बहुतेक ॲप आतून हेच करतात. मागच्या काही पाळ्यांच्या तारखा घेतात, दोन पाळ्यांमधल्या दिवसांची सरासरी काढतात आणि शेवटच्या तारखेत ती मिळवतात. जरा हुशार ॲप असेल तर तुमच्या तारखा किती मागे-पुढे होतात तेही बघतं आणि एका दिवसाऐवजी चार-पाच दिवसांचा पट्टा दाखवतं. माझ्या मते असा पट्टा दाखवणारं ॲप जास्त प्रामाणिक.

नवीन ॲपमध्ये तुमचा डेटाच नसतो, तेव्हा ते २८ दिवस धरून चालतं. आता गंमत बघा. २०१९ मध्ये ‘एनपीजे डिजिटल मेडिसिन’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. नॅचरल सायकल्स या ॲपमधल्या ६ लाखांहून जास्त चक्रांचा डेटा त्यात तपासला होता. सरासरी आली २९.३ दिवस. आणि बरोब्बर २८ दिवसांची चक्रं किती? साधारण १३ टक्के. म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं २८ दिवसांचं चक्र बहुतेकींच्या वाट्याला बहुतेक महिने येतच नाही. ॲप ‘तुमची पाळी २ दिवस लेट आहे’ असं लाल अक्षरात दाखवतं तेव्हा लेट कोणाच्या हिशोबाने, हे एकदा विचारा.

ओव्ह्युलेशनचं, म्हणजे अंडाशयातून अंडं बाहेर पडण्याच्या दिवसाचं, गणित तर आणखी कच्चं असतं. साधी ॲप पुढच्या पाळीच्या अंदाजित तारखेतून १४ दिवस वजा करतात. एका अंदाजातून दुसरा अंदाज. त्यावर विसंबून ‘हे दिवस सेफ’ असं धरणाऱ्या मुली मी पाहिल्यात. कृपा करून तसं करू नका.

इथे सेन्सर थोडी मदत करतात. ओव्ह्युलेशन झालं की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि शरीराचं तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास किंवा त्याहून थोडं कमी वर सरकतं. पूर्वी बायका रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी थर्मामीटर लावून ते लिहून ठेवायच्या. २०२२ मध्ये आलेल्या ॲपल वॉच सिरीज ८ पासून घड्याळ झोपेत मनगटाचं तापमान बघतं आणि त्यावरून ओव्ह्युलेशन होऊन गेल्याचा अंदाज देतं. ‘होऊन गेल्याचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तापमान नंतर वाढतं. ताप आला, रात्री जागरण झालं, खोलीत एसी जास्त होता, तरी आकडे हलतात. नॅचरल सायकल्स हे तापमानावर चालणारं ॲप. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये त्याला गर्भनिरोधनासाठी परवानगी दिली, पण रोजच्या वापरातली त्याची परिणामकारकता ९३ टक्के सांगितली जाते. याचा अर्थ वर्षभर ते वापरणाऱ्या १०० जणींपैकी सुमारे ७ जणींना दिवस जातात.

एवढं सगळं होऊनही यातलं काहीच रक्त किती गेलं ते सांगत नाही. ते आपण थेंबाच्या आयकॉनवर बोट ठेवून सांगायचं असतं. आणि आपल्याकडे तुलनेला असतं कोण? आई आणि मावशी.

८० मिली हा आकडा आला कुठून?

स्वीडनच्या गोटेनबर्ग शहरात १९६६ मध्ये ४७६ बायकांचा एक अभ्यास झाला. त्यांनी वापरलेले पॅड आणि टॅम्पॉन गोळा केले, त्यातलं रक्त रसायनाने वेगळं काढलं आणि मोजलं. काम किळसवाणं वाटेल, पण पाळीत किती रक्त जातं हे नीट मोजणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासांपैकी तो एक. सर्वसाधारण बाईचं एका पाळीत ३० ते ४० मिली रक्त जातं, आणि ८० मिलीच्या वर गेलं की शरीरातलं लोह कमी पडायला लागतं, असं त्यातून दिसलं. तेव्हापासून ८० मिली ही रेघ डॉक्टरांच्या पुस्तकात बसली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट कळली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. ८० च्या वर जाणाऱ्या बऱ्याच जणींना आपलं सगळं ठीकच आहे असं वाटत होतं. माझे दोन थेंब आठवले.

लोहाचं गणित सोपं आहे. हिमोग्लोबिन १२ असेल तर ८० मिली रक्तासोबत सुमारे ३० मिलिग्रॅम लोह जातं. जेवणातून शरीर दिवसाला साधारण १ ते २ मिलिग्रॅमच शोषून घेतं आणि त्यातलं काही रोजच्या झिजेतही जातं. दर महिन्याला खर्च जमेपेक्षा जास्त झाला की साठा हळूहळू संपतो. म्हणूनच अशक्तपणा एका रात्रीत कळत नाही, काही वर्षांनी कळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याला कारणं पुष्कळ आहेत, खाण्यापिण्यापासून जंतांपर्यंत. पण पाळीबद्दल कोणी आकड्यात विचारत नाही, हेही त्यातलं एक असावं असं मला वाटतं.

कपाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझे २३० मिली वाचून तुम्ही घाबराल. पाळीत जे बाहेर येतं ते सगळं रक्त नसतं. त्यात गर्भाशयाचं अस्तर, इतर स्राव, सगळं मिसळलेलं असतं. रक्ताचा वाटा निम्मा किंवा त्याहून कमी असतो आणि तो प्रत्येकीत वेगळा असतो. ८० मिलीची रेघ शुद्ध रक्ताची आहे. त्यामुळे कपात बेरीज १०० आली म्हणजे लगेच आजार झाला असं नाही. माझा आकडा निम्मा केला तरी रेघेच्या वर होता, आणि धाप लागत होती ती वेगळीच. आता तर ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं मिलीपेक्षा सरळ प्रश्न विचारतात: रक्तस्रावामुळे तुमच्या रोजच्या जगण्यात अडथळा येतोय का? रात्री तीनचा अलार्म म्हणजे अडथळाच की.

पॅड जितका भारी, तितकं कळणं अवघड

पॅडचा इतिहास थोडक्यात. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला लाकडाच्या लगद्यापासून केलेलं एक शोषक द्रव्य वापरलं जायचं. परिचारिकांनी ते पाळीसाठी वापरायला सुरुवात केली, आणि १९२० मध्ये किम्बर्ली-क्लार्क कंपनीने त्यातून ‘कोटेक्स’ बाजारात आणलं. मागे चिकटपट्टी यायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षं गेली. तोवर कमरेला पट्टा बांधून पॅड अडकवत. आपल्याकडच्या आज्यांनी कापडाच्या घड्यांवर काढलेली वर्षं यात धरलेलीच नाहीत.

आजच्या पातळ पॅडमधली खरी जादू म्हणजे एसएपी, म्हणजे सुपर ॲब्सॉर्बंट पॉलिमर. बाळांच्या डायपरमध्येही तेच असतं. पांढरे बारीक दाणे, पाणी लागलं की फुगून जेली होतात. शुद्ध पाण्यात हे दाणे स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट पाणी ओढतात, पण मिठाच्या पाण्यात तोच आकडा खूप घसरतो. रक्तात मीठ तर असतंच, शिवाय पेशी आणि प्रथिनंही असतात, ती दाण्यांभोवती अडकून बसतात. म्हणून जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात ते बघून पॅडची ताकद ठरवू नका.

खरं सांगायचं तर कंपन्याही बराच काळ पाणी किंवा मिठाचं पाणी वापरूनच या वस्तू तपासत आल्या. खऱ्या मानवी रक्तावर वेगवेगळ्या वस्तू एकत्र तपासणारा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला तो २०२३ मध्ये! अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या संशोधकांनी मुदत संपलेलं रक्तपेढीतलं रक्त घेतलं आणि २१ वस्तूंवर ओतून पाहिलं. सर्वात जास्त मावलं मेन्स्ट्रुअल डिस्कमध्ये, सरासरी ६१ मिली. पॅड, टॅम्पॉन आणि कप साधारण २० ते ५० मिलीच्या मधे. आणि पिरियड पँटी, जिची इंस्टाग्रामवर एवढी जाहिरात चालते, तिच्यात जेमतेम २ मिली. रक्त सावकाश आलं तर ती याहून थोडं जास्त शोषते, आणि शेवटच्या दिवसांना किंवा कपाच्या जोडीला ती छानच आहे. पण जास्त जाणाऱ्या मुलीने दुसऱ्या दिवशी एकटीच घालून लोकलने जाऊ नये, एवढंच.

माझा मुद्दा वेगळा आहे. पॅड जितका चांगला शोषतो, तितका वरून कोरडा लागतो. किती गेलं ते दिसतच नाही. आजीला कापड धुताना कळायचं, आपण गुंडाळून कचऱ्यात टाकतो. सोय वाढली आणि माहिती कमी झाली.

पण पॅड वापरणाऱ्यांसाठीही मोजायची एक जुनी युक्ती आहे आणि ती फोनवर सहज होते. १९९० मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी पीबॅक नावाचा चित्रांचा तक्ता बनवला. पॅडवर नुसता डाग असेल तर १ गुण, मध्यम भिजला असेल तर ५, पूर्ण भिजला असेल तर २०. छोटी गुठळी १, मोठी गुठळी ५. पूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त आहे असं समजून डॉक्टरांना दाखवायचं. माझ्या फक्त दुसऱ्या दिवसाचे पाच भिजलेले पॅड धरले तरी १०० होत होते! तक्ता जुन्या पद्धतीच्या पॅडवर बेतलेला आहे, त्यामुळे आजच्या पॅडला तो अगदी तंतोतंत लागू पडत नाही. पण ‘दोन थेंब’ म्हणण्यापेक्षा हजार पटीने बरा. ॲपच्या नोट्समध्ये रोज एक आकडा लिहायचा, झालं.

कप, डिस्क आणि मावशीचा आक्षेप

कप ही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत लिओना चाल्मर्स या अभिनेत्रीने १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा तो रबराचा होता, महायुद्धात रबर मिळेना, धंदा बसला. आजचा कप मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा असतो. मऊ, उकळला तरी खराब न होणारा, नीट वापरला तर कित्येक वर्षं टिकणारा. ३००-४०० रुपयांपासून मिळतो.

‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने २०१९ मध्ये कपावरच्या ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात ३,३०० च्या आसपास मुली आणि बायका होत्या. गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा कमी. वापरून पाहिलेल्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास जणींना पुढेही तोच वापरायचा होता. आपल्याकडे मात्र कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या मुलींमध्ये कप वापरणाऱ्या निघाल्या ०.३ टक्के. केरळने यात बाजी मारली. आलप्पुळा शहरात २०१९ मध्ये सरकारी कंपनी एचएलएल लाइफकेअरच्या उपक्रमातून ५,००० कप वाटले गेले, आणि २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबळंगी गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झालं. तिथे नुसते वाटून थांबले नाहीत, घालायचा कसा ते शिकवलंही.

शिकणं लागतंच. मला तीन महिने लागले. पहिल्या महिन्यात बाथरूममध्ये रडले, दुसऱ्या महिन्यात गळला, तिसऱ्या महिन्यात कळलं की मी आकार चुकीचा घेतला होता. घडी घालायच्या पाच-सहा पद्धती असतात, एक नाही जमली तर दुसरी करा. काढताना देठ ओढू नका, तळ चिमटीत धरून आधी हवा आत जाऊ द्या. पाळी संपली की पाण्यात पूर्ण बुडवून पाच मिनिटं उकळा. भांडं वेगळं ठेवा, म्हणजे घरात भांडण नको. किती तास ठेवायचा ते पाकिटावर वाचा, कोणत्याच परिस्थितीत १२ तासांच्या वर नको. कॉपर-टी बसवली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप वापरू नका, कारण कप ओढताना ती सरकू शकते.

मावशीचा आक्षेप होता, ‘लग्नाआधी असलं काही नको गं.’ तिच्याशी वाद नाही घातला. हायमेन हा योनीच्या तोंडाशी असलेला लवचीक पडद्यासारखा भाग. तो प्रत्येकीचा वेगळा असतो आणि कपामुळे थोडा ताणला जाऊ शकतो, हे खरं आहे. पण त्यावरून कोणाचं कौमार्य ठरत नाही, कोणत्याही डॉक्टरला ते तपासून सांगता येत नाही, हेही तितकंच खरं. हे तिला मॅडमनीच समजावलं. आत काही घालायची इच्छा नसेल तर तोही तुमचाच निर्णय, पॅड आणि पीबॅक आहेच.

टॅम्पॉनचा एक धडा इथे सांगते. १९८० मध्ये अमेरिकेत ‘रिलाय’ नावाचा खूप जास्त शोषणारा टॅम्पॉन टॉक्सिक शॉक सिंड्रोमच्या केसेसनंतर बाजारातून काढून घ्यावा लागला. जिवाणूंच्या विषामुळे होणारा हा आजार दुर्मीळ, पण जीवघेणा. कपाबाबतही त्याच्या मोजक्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत. पाळीत अचानक खूप ताप, उलट्या, अंगावर लाल पुरळ, चक्कर असं झालं तर कप किंवा टॅम्पॉन काढा आणि थेट दवाखाना गाठा.

वापरलेल्या पॅडचं काय होतं

हा भाग आपण बघायचं टाळतो, कारण तो कोणीतरी दुसरं हाताने उचलतं. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने २०१३ मध्ये एक भारी काम केलं होतं, वापरलेले पॅड पिशव्यांत भरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत गुंडाळायला पाऊच देणं कंपन्यांवर टाकलं गेलं. तेव्हा पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघायची वेळ येत नाही. कॉलेजात बसवलेली छोटी जाळायची मशिनं मला फारशी पटत नाहीत. प्लास्टिक आणि एसएपी नीट जळायला ८०० अंशांच्या वर तापमान लागतं, त्याखाली नुसता विषारी धूर होतो. पुण्याच्याच पॅडकेअर लॅब्सने दुसरा रस्ता धरलाय. पॅड गोळा करायचे, निर्जंतुक करायचे, फाडून लगदा आणि प्लास्टिक वेगळं करायचं आणि पुन्हा वापरायला द्यायचं.

पाळीच्या रक्तातून तपासणी

आता जरा सायन्स फिक्शनसारखं, पण खरं. अमेरिकेत क्विन कंपनीच्या ‘क्यू-पॅड’ला जानेवारी २०२४ मध्ये एफडीएची मंजुरी मिळाली. पॅडमध्ये एक पट्टी असते, ती काढून पोस्टाने लॅबला पाठवायची, आणि पाळीच्या रक्तातूनच मधुमेहाची एचबीए१सी तपासणी होते. सुई नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये ‘मेन्स्ट्रूएआय’ दाखवलं. पॅडमधल्या कागदी पट्टीचा रंग बदलतो, फोनने फोटो काढायचा आणि ॲप तो वाचतं. शरीरातली सूज दाखवणारं एक प्रथिन आणि कॅन्सर, एंडोमेट्रिओसिसशी संबंधित दोन निर्देशक त्यात बघितले जातात. हे अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे, मेडिकलमध्ये विचारायला जाऊ नका. पण ज्याला आपण ‘घाण’ म्हणून काळ्या पिशवीत लपवतो, तो महिन्याला आपोआप मिळणारा सॅम्पल आहे, हे सुचायला एवढी वर्षं लागली.

आणि हा सगळा डेटा जातो कुठे?

फ्लो हे जगातलं खूप मोठं पाळीचं ॲप. २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दाखवलं की वापरणाऱ्यांची पाळी आणि गरोदरपणाबद्दलची माहिती ॲपमधून फेसबुककडे जात होती. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीशी समझोता करून परवानगीशिवाय अशी माहिती देण्यावर बंधन घातलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या ज्युरीने याच प्रकरणात मेटाच्या विरोधात निकाल दिला. मोझिलाने २०२२ मध्ये पाळी आणि गरोदरपणाची २५ ॲप आणि उपकरणं तपासली, त्यातल्या १८ ना प्रायव्हसीच्या बाबतीत धोक्याचा शेरा मिळाला.

अमेरिकेत भीती गर्भपाताच्या कायद्यांची आहे. आपल्याकडे ती वेगळी. घरात एकच फोन चौघांत फिरतो, आणि ‘पाळी ५ दिवस लेट’ असं नोटिफिकेशन लॉक स्क्रीनवर बाबांसमोर येतं. माझ्या बहिणीचं असंच झालं, दोन दिवस घरात तणाव होता आणि कारण होतं परीक्षेचं टेन्शन.

म्हणून माझ्या फोनवर मी काय केलंय ते सांगते. लॉक स्क्रीनवरची नोटिफिकेशन बंद. ॲपला लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी नाही. अँड्रॉइडच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट केला. आणि ॲपच बदललं, आता ‘ड्रिप’ वापरते. ते ओपन सोर्स आहे आणि डेटा फोनमध्येच ठेवतं, म्हणून बॅकअप स्वतः घ्यावा लागतो, फोन हरवला तर सगळं गेलं. जुनं ॲप काढताना नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. सर्व्हरवरचा डेटा तसाच राहतो, आधी ॲपमध्ये जाऊन अकाउंट डिलीट करायचं. प्ले स्टोअरवर ‘डेटा सेफ्टी’ नावाचा भाग दिसतो, तो ॲप बनवणारे स्वतःच भरतात, एवढं लक्षात असू द्या.

डॉक्टरकडे काय घेऊन जायचं

दोन-तीन पाळ्यांच्या तारखा, रोजचा पीबॅकचा किंवा कपाचा आकडा, गुठळ्या आल्या का, रात्री उठावं लागलं का. एवढं एका स्क्रीनवर मावतं. मॅडमनी मला सांगितलं की बहुतेक मुली ‘नॉर्मलच आहे’ म्हणतात आणि मग एकेक प्रश्न विचारून सगळं काढावं लागतं. सीबीसीसोबत फेरिटिनची तपासणी करता येईल का ते विचारा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा संपलेला असू शकतो, तो फेरिटिनमध्ये कळतो. पाळी सुरू झाल्यापासूनच खूप जात असेल, दात काढल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, तर तेही सांगा, कारण रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असू शकतो. माझ्या सोनोग्राफीत गर्भाशयात एक फायब्रॉइड निघाला, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. लोहाच्या गोळ्या आणि पाळीत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेऊ नका, त्या सगळ्यांना चालत नाहीत.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ आलं. रात्री तीनचा अलार्म काढून टाकला. मावशीला पीबॅकचा तक्ता व्हॉट्सॲपवर पाठवला होता, त्यावर आठवडाभर नुसत्या दोन निळ्या टिका होत्या. मग एका संध्याकाळी तिचा मेसेज आला, नुसता आकडा: १८५. आणि खाली, ‘तुझ्या त्या मॅडम शनिवारी असतात का?’